हात पाहून कामठा

सुकलूमामांच्या हातात कोणतीही वस्तू आली की ते आधी तिला टिचकी मारत आणि कानाशी नेत. मडकं वाजवून घेणारे सगळेच असतात. मामा छत्री वाजवून घेत, खाटेचा पाय वाजवून घेत. चष्मा करायला गेले तेव्हा दुकानदाराच्या देखत त्यांनी काचेला टिचकी मारली होती. नात्यातल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मामांनी नवऱ्या मुलाच्या पाठीवर प्रेमानं थाप दिली आणि सगळे चहा पीत असताना मोठ्यानं सांगितलं, "पोरगा भरीव हाय, देऊन टाका." ते लग्न झालं आणि चांगलं झालं. आपला कान किती तिखट आहे याचा दाखला म्हणून ही गोष्ट मामा स्वतःच सांगत फिरायचे.

त्यांचं घर सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या वाटेवरच्या एका गावात. जन्मभर वनखात्याच्या बांबूतोडीवर राबले आणि घरी कामठे केले. कामठा म्हणजे बांबूचं धनुष्य. मी १९९९ साली त्या गावच्या शाळेत खेळाचा मास्तर म्हणून लागलो. धनुर्विद्येचं पथक काढायचं डोक्यात घेतलं होतं, म्हणून कामठ्यांसाठी त्यांच्या दारात गेलो. त्यांनी बसायला खाट दिली आणि विचारलं, "गाव कोणतं गुरुजी?"

"कामठा," मी म्हणालो. गोंदिया तालुक्यातलं आमचं गाव, त्याचं नावच ते, मी काय करणार!

मामा एवढे हसले की तोंडातली बिडी मांडीवर पडली. "आवं, आयकलं का," त्यांनी आत मामींना हाक मारली, "कामठ्याचे गुरुजी आले, अन् कामठा मागून राहिले!" पुढं अठरा वर्षं त्यांनी ही थट्टा सोडली नाही, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखे हसत.

मी दहा कामठे मागितले. ते सरळ म्हणाले, "नाही देत."

"काऊन मामा?"

"चप्पल घ्यायले जाता त पाय नेता ना सोबत? मंग कामठा घ्यायले आले त हात आणा."

दुसऱ्या दिवशी मी दहा पोरं घेऊन गेलो. मामांनी एकेकाचा पंजा दाबून पाहिला, नाकाच्या शेंड्यापासून बोटाच्या टोकापर्यंत सुतळी लावली, गाठ मारली आणि प्रत्येकाची सुतळी वेगळ्या खुंटीवर टांगली. मग म्हणाले, "तुमचा?" मी डावा हात पुढं केला. माझी डावी करंगळी कबड्डीत मोडून वाकडीच बसलेली आहे. मामांनी ती उलटसुलट फिरवली आणि विचारलं, "हे बोट कोणावर रुसलं?" पंधरा दिवसांनी माझा कामठा आला, तेव्हा त्याच्या मुठीवर लाकडाचा तुकडा बसवला होता आणि त्यात त्या रुसलेल्या बोटापुरता खळगा कोरला होता. माझ्या आयुष्यात माझ्या करंगळीचा एवढा विचार दुसऱ्या कोणी केलेला नाही.

तरुणपणी मामा पारधीला जायचे. कायद्यानं शिकार बंद झाली तसे त्यांनी बाण ठेवून दिले. तक्रार म्हणून नाही, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगायचे, "जंगल सरकारचं, जनावर सरकारचं. नेम तेवढा आपला राह्यला. तो पोरायले देऊन टाकतो." आणि खरंच, रोज चार वाजता मैदानावर येऊन ते पोरांना नेम देत बसत. मैदान त्यांच्या अंगणाला लागूनच होतं.

त्या पोरांत त्यांची नात रामकला होती, लेकीची लेक, लहानपणापासून आजोळीच वाढलेली. तिचा हात असा की बाण सुटल्यावर ती निशाणाकडे पाहायचीही नाही, पुढचा बाण लावायची. ती कॉलेजात गेली आणि राज्याच्या निवड चाचणीची संधी आली, पण कंपाउंड धनुष्याच्या गटात. कंपाउंड म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं, तारांनी गुंफलेलं यंत्र. ते आमच्यापैकी कोणी फोटोतही नीट पाहिलं नव्हतं. गोंदियाचे एक राइस मिलवाले शेठ मदतीला आले. "मास्टरजी, बिटिया को जो जमे वही लो," एवढंच म्हणाले. नागपूरच्या विक्रेत्यानं दोन नवी धनुष्यं आठ दिवसांसाठी पाठवली. एक ठेवायचं, एक परत करायचं. चाचणीला बारा दिवस होते.

दोन्ही धनुष्यं मुळात परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी केलेली. एक साधं काळं होतं. दुसऱ्यावर शिकाऱ्याला झाडीत लपता यावं म्हणून पानंच पानं छापली होती. मी फळ्यावर दोन रकाने आखले आणि माहितीपुस्तकातून वेग, वजन, लांबी सगळं उतरवलं. वेगात पानवालं कितीतरी पुढं होतं. माझं मन तिथंच बसलं. मामांनी मात्र ते पानवालं धनुष्य डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"गुरुजी, हे कोणत्या झाडाचे पानं होत?"

"तिकडचं काही असेल मामा."

"सागाचे नाही, मोहाचे नाही, तेंदूचेबी नाही. हे झाड आपल्या जंगलात नाहीच. मंग याचा शिकारी लपन कुठं?"

रामकलानं दोन्ही धनुष्यांनी एकेक बाण सोडला. पानवाल्याचा खाडकन आवाज झाला, काळ्याचा नुसता फुस्स. मामा काळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा मुका हाय. शिकारीचा कामठा मुकाच पायजे. बाणाच्या आंधी आवाज पोचला त चितळ उडते."

मी फळ्यावरच्या वेगाच्या आकड्याखाली रेघ ओढत होतो. "मामा, आपल्याला कुठं चितळ मारायचंय? समोर कागद आहे. कागदाला कान नसतात."

पोरं हसली. मामाही हसले. मग रामकलाला म्हणाले, "बरं, आण इकडे तो पानवाला. जरा आयकतो."

मी बजावलं होतं, बाण लावल्याशिवाय सोडायचं नाही, यंत्र मोडतं. मामा म्हणाले, "मी सोडून नाही राहिलो, वढून राहिलो." आणि त्यांनी ते ओढलं. आता इथं मला एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, आणि ती मी सांगितली नाही. बांबूचा कामठा जसा ओढावा तसा जड होत जातो. हे चाकाचं धनुष्य शेवटी एकदम हलकं पडतं, नेम धरायला सोपं जावं म्हणून. पण ओढता ओढता बांबू अचानक हलका लागला तर कामठेवाल्याला त्याचा अर्थ एकच माहीत असतो. बांबू आतून चिरला, आता तोंडावर फुटणार. साठ वर्षांच्या सवयीनं मामा ओरडले, "मेला रे!" आणि त्यांनी दोरी सोडून दिली.

बंदूक उडावी तसा आवाज झाला. दोरी चाकावरून निसटली, तारा लोंबू लागल्या, मामांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लाल वळ उठला. रामकला दोन्ही हात कानावर ठेवून उभी होती. मामांनी धनुष्य हळूच खाली ठेवलं. हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पोरीचा धनुष्य मोडला मी," ते म्हणाले आणि घरी निघून गेले. त्या दिवशी त्यांनी कशालाच टिचकी मारली नाही.

मी नागपूरला फोन लावला. विक्रेता शांतपणे म्हणाला, "मास्टरजी, जो टूटा वो आपका." खोटं कशाला बोलू, मला आतून बरंच वाटलं. मला हवं तेच गळ्यात पडत होतं. धनुष्य दुरुस्तीला गेलं आणि चौथ्या दिवशी ठणठणीत होऊन आलं. मधले दिवस रामकला काळ्यावर सराव करत होती आणि तिचे बाण एका मुठीत मावतील असे पडत होते. पानवालं हातात आलं आणि बाण पांगले. एक वर, एक चौकटीच्या लाकडावर, एक मागच्या बांधात. मी दुरुस्तीवाल्याला शिव्या दिल्या, मग वाऱ्याला, मग पोरीला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चाचणीला आठ दिवस उरले होते.

मोडतोडीनंतर मामा मैदानावर फिरकले नव्हते. त्या संध्याकाळी ते आले. "घरी आवाज येऊन राहिला," म्हणाले. "काल निशाणाच्या गवतात पडत होते, आज चौकटीच्या लाकडावर पडून राहिले." ते निशाणाकडे पाठ करून रामकलाच्या समोर जरा बाजूला उकिडवे बसले. पाच बाण झाले. मामा तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"धनुष्यात खोट नाही गुरुजी. दोरी सुटाच्या आंधीच पोरगी डोये मिटून राहिली. खाडकन आवाजाले भेते."

"काय वं रामकला?" मी विचारलं.

ती मान खाली घालून म्हणाली, "आबाजीच्या हातात फुटला होता ना सर. परत्येक खेपेला वाटते, आता फुटते."

मामा माझ्याकडे वळले. रागानं नाही, समजावल्यासारखे म्हणाले, "कागदाले कान नसन गुरुजी. पोरीले हायेत ना."

फळ्यावरचे माझे दोन रकाने अजून तसेच होते. मी ते पुसले. लाज वाटली. शिकलेला मी होतो, पुस्तक माझ्या हातात होतं, आणि माझ्या रकान्यांत ती पोरगी कुठंच नव्हती.

पण "जो टूटा वो आपका" याचं काय करायचं? मामा म्हणाले, "मी जातो नागपूरले. मोडला कोणं? मी." सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. मामांच्या एका खांद्यावर पानवाल्याची पेटी, दुसऱ्या खांद्यावर स्वतःचा कामठा. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी भिंतीवरच्या धनुष्यांना ओळीनं टिचक्या मारायला सुरुवात केली. विक्रेता घाबरून गल्ल्यावरून उठला.

"बाबा, हात मत लगाओ!"

मामांनी आपला कामठा त्याच्या हातात दिला. "घ्या, तुमी याले लावा."

त्यानं ओढून पाहिला. पुन्हा ओढला. दोरीला बोट लावलं, आणि ती अशी बोलली की मागच्या खोलीतला मेकॅनिक बाहेर आला. शाळांच्या स्पर्धांत बांबूच्या धनुष्यांचा वेगळा गट असतो आणि तसा माल विक्रेत्याला कुठं मिळत नव्हता. तो म्हणाला, "ऐसे बीस बना दोगे? तो पत्तेवाला मैं वापस रख लेता हूँ, काला तुम्हारा."

मी मामांकडे पाहिलं. हात पाहिल्याशिवाय त्यांनी कधी कामठा केला नव्हता. बाजारात विकायला ठेवा म्हणणाऱ्या किती जणांना त्यांनी अंगणातून परत पाठवलं होतं, तेही मला माहीत होतं. मामांनी एकदा विचारलं, "कोणासाठी?"

"वो क्या पता बाबा, जो खरीदेगा उसके लिए."

मामांनी आपला कामठा त्याच्या हातातून परत घेतला, खांद्याला अडकवला. मग म्हणाले, "देतो."

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर पाहत होते. मला राहवलं नाही. "मामा, हात न पाहता कसे करणार?"

"पोरीचा हात त पाहला ना," ते म्हणाले.

रामकलाची निवड झाली, काळ्या धनुष्यावर. पुढं ती चार राज्यं खेळून आली आणि आज वनरक्षक आहे. आजा पारधी, नात जंगलाची राखणदार. मामा सगळ्यांना सांगायचे, "आता मले धरायचं झालं त घरचीच धरन." वीस कामठे त्यांनी पावसाळ्यापूर्वी पुरे केले. त्या दिवसांत मी गेलो की ते एखादी मूठ कोरत बसलेले असत, आणि मी जवळ गेलो की ती पोत्याखाली सरकवत. त्यांना त्या कामाची लाज वाटत असेल असं मी धरून चाललो आणि कधी विचारलं नाही.

मामा गेले त्याला काही वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात सोबत होतो मी. तरुण डॉक्टरांनी मामांच्या छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटानं ठोकून पाहिलं आणि कान दिला. मामांचे डोळे चमकले. "हा डॉक्टर खरा," मला म्हणाले, आणि डॉक्टरांना विचारलं, "काऊन बाप्पा, बोलते का अजून?" त्यानंतर ते दोन दिवस होते. मी रडलो, आणि रडताना मधेच ते आठवून हसू आलं.

गेल्या हिवाळ्यात सडक अर्जुनीला शाळांच्या स्पर्धा होत्या. तिथल्या एका खेळशिक्षकाच्या हातात एक जुना कामठा दिसला. बांधणी ओळखीची. मी विचारलं, तर म्हणाले, "आमच्या शाळेनं मागं नागपूरहून घेतला होता. कामठा झकास आहे सर, पण कारागीर येडा असन. मुठीत हा खड्डा कायले ठेवला काय माहीत. कोणाच्याच बोटाले जमून नाही राहिला."

मी तो डाव्या हातात घेतला. करंगळी खळग्यात जाऊन बसली.

मग त्यांच्याकडून तो कामठा मागून घेतला, बदल्यात दुसरा देतो म्हणालो. उरलेले एकोणीस कुठं कुठं असतील कोण जाणे. एकात रामकलाची लांब बोटं असतील, एकात मामींचा तळवा, एकेकात त्या दहा पोरांचे पंजे. हात पाहिल्याशिवाय मामांनी तेही केले नव्हते. मी दोरीला टिचकी मारली आणि कामठा कानाशी नेला.