एकाच फुग्यावर

लग्नानंतरची ती माझी पहिली लावणी. भिवपुरीजवळच्या आमच्या शेतात चार मुठी रोपं लावली की मला धाप लागायची. बरोबरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. सासूबाई मात्र मला कर्जतला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

लहानपणी घसा धरून माझे सांधे सुजले होते. त्या आजाराने हृदयाची एक झडप आखडली होती. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात फुग्याने ती उघडता येईल, असं डॉक्टर म्हणाले. गावात मात्र वेगळीच बोलणी सुरू झाली. माहेरच्यांनी फसवलं, पोरीला परत पाठवा, असं सांगायला चुलत सासरे घरी आले. सासूबाई भांडी घासत होत्या, त्या राखेच्या हातांनीच उठल्या.

"सून माझी हाय. बरी करून आनीन. परत नाय धाडनार."

जांघेतल्या शिरेतून टोकाला फुगा असलेली नळी हृदयापर्यंत नेली, तेव्हा मी जागी होते. छातीत जोरात धडधडलं आणि थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "उघडली." घरी सोडताना त्यांनी बजावलं, की झडप पुन्हा आखडू शकते. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं, वर्षातून एकदा दाखवायला यायचं.

इंजेक्शन फार दुखायचं. मी कुरकुरले की सासूबाई म्हणायच्या, "रड गं, पन चल." भाताची झोडणी असो की घरातलं लग्न, आमची कर्जतची फेरी ठरलेली. मुलगी पोटात असताना डॉक्टरांचा जीव टांगणीला होता, माझा नव्हता. ती मुलगी आता खोपोलीत नोकरी करते.

यंदा मुंबईला तपासणीला सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरांनी पडद्यावर बराच वेळ पाहिलं. झडप थोडी जाड झाली आहे, पुढेमागे काही करावं लागेल, पण आत्ता नाही, असं म्हणाले. मग शिकाऊ डॉक्टरांना जवळ बोलावलं. "इतकी वर्षं झडप टिकली, एकाच फुग्यावर. नीट बघा."

"आमी एक पन सुई चुकवली नाय," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या.

डॉक्टरांनी हसून त्यांना खुर्ची दिली. त्यांनी पदर सारखा केला आणि त्या पोरापोरींना सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. माझ्या छातीवरचं जेल पुसायचंच राहिलं होतं. मी तशीच पडून ऐकत राहिले. इतका मान मला आजवर कुठेच मिळाला नव्हता.