गडग्यातला दगड

ती दोनच दिवस भेटली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी सातवीत शाळा सोडली. लातूरकडून इथं रत्नागिरीत आलो, कॉलेजनं चहापाण्याला ठेवून घेतलं, हे उपकारच म्हणायचे.

सॉफ्टवेअरच्या सेमिनारच्या आदल्या दुपारी गुहागरची ती मुलगी रिकाम्या हॉलमध्ये आपल्या भाषणाची तालीम करत होती. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. मला बघून म्हणाली, "काका, बसा जरा. तुम्हाला कळलं तर सरांना कळेलच."

मी बसलो.

"प्रोग्राम म्हणजे जांभ्याचा गडगा. एक दगड काढला, तर कुठचे दगड घसरतील, ते आधीच ओळखायचं. हे माझं संशोधन."

"गडगा म्हणजे?"

"दगडांचं कुंपण हो! किती वर्षं झाली इकडे येऊन?"

"नऊ." मग धीर करून विचारलं, "काढलेला दगड परत त्याच जागी बसतो का?"

तिचं बोट थांबलं. "हेच उद्या विचारा. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी भाषण संपवून "काही प्रश्न?" म्हणताना तिनं दाराकडं पाहिलं. मी चहाचा ट्रे दोन्ही हातांत धरून उभा होतो. हात वर कसा करणार? खरं तर ट्रे खाली ठेवता आला असता.

कप उचलताना ती हळूच म्हणाली, "तुमचा प्रश्न राहिला, काका."

आई फोनवर "कधी येतोस?" विचारते, तेव्हा तो दगडाचा प्रश्न ओठांवर येतो. आता सेमिनारात प्रश्नांची वेळ झाली, की मी ट्रे आधी टेबलावर ठेवतो. समोर मात्र दुसरंच कुणी असतं.