जस्त न धरणारं बोट

आमची मुलगी सहा वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती, बोलत नव्हती. पुण्याहून तिच्या रक्ताचा अहवाल आला. त्यात ‘झिंक फिंगर’ असे शब्द होते. मी ते घरी वाचून दाखवले, तर माझे वडील, आबा, चक्क हसले. कित्येक महिन्यांनी.

“झिंकच नव्हं? आरं, मग सोपं हाय की. उसाच्या पानावर पांढरं पट्टं आलं की आपण काय करतो? झिंक सोडतो. पंधरवड्यात ऊस हिरवागार. तुमी शिकलेली मानसं उगं घाबरवता.”

अंथुर्ण्याच्या आमच्या रानात हे नेहमीचंच, म्हणून मलाही पटलं. बारामतीहून झिंकच्या गोळ्या आणल्या. आबा त्या दुधात विरघळवून स्वतः चमच्याने पाजत आणि मग तिचे पाय दाबून बघत.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत. “झिंक म्हणजे जस्त, ते तिच्या अंगात पुरेसं आहे,” त्या म्हणाल्या. “ते धरून ठेवणारी जागा बिघडली आहे.”

मग त्यांनी समजावलं. झिंक फिंगर, जस्ताचं बोट, म्हणजे प्रथिनाची एक छोटी घडी. आत जस्ताचा कण घट्ट धरला, तरच ते डीएनएवर नेमक्या जागी बसतं. फार पूर्वीच्या अशा बोटाच्या नकला होत गेल्या, नकला थोड्या थोड्या बदलल्या आणि डीएनएवरच्या वेगवेगळ्या जागा धरू लागल्या. आज माणसात अशी प्रथिनं शेकडो आहेत. पण जस्त धरणाऱ्या जागा तशाच राहिल्या.

त्यांनी पडद्यावर एकाखाली एक ओळी दाखवल्या, प्रत्येक जीवातलं हेच प्रथिन अक्षरांत लिहिलेलं. मासा, बेडूक, कोंबडी, गाय, माणूस. एका उभ्या रांगेत सगळ्यांचं अक्षर एकच. सगळ्यांत खाली आमची मुलगी. तिचं वेगळं. मी वरपासून पुन्हा तपासत खाली आलो.

“इतक्या कोटी वर्षांत कुणाचंच बदललं नाही?”

“बदललं असेल. पण ते जीव टिक...” त्या थांबल्या. मुलगी माझ्या मांडीवर होती.

घरी आलो तर आबा ओट्यावरच बसले होते. त्यांनी मुलीला घेतलं.

“माझ्याकडनं आलं का रं?”

“न्हाय आबा. माझ्यात न्हाय, हिच्या आईतबी न्हाय. तिच्यातच नव्यानं झालंय. गोळ्या बंद करायला सांगितल्यात.”

मी त्यांना पडद्यावरच्या त्या ओळींचं सांगितलं.

“माशाचं बी नीट हाय म्हणतोस?”

“व्हय.”

“कोंबडीचं बी?”

“व्हय.”

त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर नीट टेकवलं.

“मग आता हिला द्यायचं काय?”

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेलो.