पैकीच्या पैकी

ऑफिसात तिला सगळे भिंतबाई म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण तिचं कामच कानांचं होतं. बचतीच्या योजना विकणाऱ्या त्या कंपनीत सल्लागार गिऱ्हाइकांशी फोनवर बोलत, त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग होई, आणि दुसऱ्या दिवशी ही बाई हेडफोन चढवून ते ऐके आणि मार्क देई. धोके नीट सांगितले का, घाई तर केली नाही ना, पैसे लवकर लागणार आहेत का हे विचारलं का. थापा मारणाऱ्या दोघा-तिघांना तिने घरचा रस्ता दाखवला होता. नातेवाइकांत बसली की ती तोऱ्यात सांगायची, आमच्याकडे गिऱ्हाइकाला कोणी फसवू शकत नाही, मी ऐकत असते.

एकच खोड होती. कॉल ढीगभर आणि दिवस तेवढाच, म्हणून ती रेकॉर्डिंग दीडपट वेगाने ऐके. त्या वेगात सगळ्यांचेच आवाज चिरके होतात; आजोबा कोण आणि नातू कोण कळत नाही. पण तिला कुठे आवाजाशी लग्न करायचं होतं? नियम पाळले की नाही, एवढं कळलं की झालं.

त्या दिवशीचा एक कॉल अगदी दृष्ट लागण्यासारखा होता. सल्लागार नवा, पण शिकवल्याबरहुकूम बोलत होता. पैसे बारा वर्षं अडकतील, मध्ये काढता येणार नाहीत, हे त्याने दोनदा सांगितलं. जवळपास काही मोठा खर्च आहे का, असंही विचारलं. पलीकडच्या बाई म्हणाल्या, छे, मला एकटीला कसला खर्च. मग त्याने विचारलं, सगळं समजलं ना? त्यावर चांगलीच लांब शांतता पसरली, आणि पोरगा मध्ये एक अक्षर बोलला नाही. भिंतबाईला त्याचं भारी कौतुक वाटलं. शेवटी बाई म्हणाल्या, बरं मग, चालेल. हिने पैकीच्या पैकी मार्क दिले आणि खाली शेरा मारला की ग्राहकाला विचार करायला पुरेसा वेळ दिला.

फोन ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "सुखी राहा रे बाळा, आणि जेवत जा वेळेवर."

हे वाक्य भिंतबाईच्या रोजच्या ओळखीचं होतं. तिने वेग नेहमीचा केला आणि कॉल पहिल्यापासून लावला. मावशी होती. आई गेल्यावर जिने हिच्या वेण्या घातल्या, ती सख्खी मावशी. आणि ते पैसे गुडघ्यांचे होते. ऑपरेशनसाठी मावशी किती वर्षं काटकसर करत होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नियम असा, की ओळखीचा आवाज निघाला तर कॉल साहेबांकडे द्यायचा, आणि हेडफोनमधलं बाहेर बोलायचं नाही. बोललं तर नोकरी गेली. ती साहेबांकडे गेली. माणूस भला, त्यांनी स्वतः कॉल ऐकला आणि विचारलं, यात चूक कुठे आहे? तिला सांगता येईना. पोराने खोटं सांगितलं नव्हतं, घाई केली नव्हती. खोटं कोणी बोललं असेल तर ती मावशीच. साहेब म्हणाले, नव्या गिऱ्हाइकाला मन बदलायला थोडी मुदत असते; महिनाअखेरपर्यंत मावशींनी स्वतः मागितले तर पैसे परत मिळतील. पण तुम्ही घरी जाऊन काही सुचवायचं नाही.

ती जागेवर येऊन बसली आणि डोक्याचा पार भुगा झाला. चूक शोधायची म्हणजे खोटारडा शोधायचा, एवढंच तिला येत होतं. इथे तर खोटारडा सापडत नव्हता आणि मावशी जन्मभर लंगडणार होती. बोलावं तर इतरांना ज्या नियमांवरून धरलं तेच आपण मोडायचे, न बोलावं तर भाची कसली?

रविवारी ती मावशीकडे गेली. मनात एक पळवाट धरली होती, की मावशी आपणहून बोलली तर ते हेडफोनमधलं राहत नाही. पण मावशी बोलेचना. शेजारणीच्या सुनेपासून गळक्या नळापर्यंत सगळं झालं, चहा झाला. कप ठेवायला मावशी टेबल, खुर्ची, चौकट असं धरत धरत आत गेली आणि तशीच परत आली. हिला राहवेना. गुडघ्यांचं काय ठरलं, तिने विचारलं.

"ते राहू दे आता," मावशी म्हणाली. "पैसे तुमच्याकडेच गुंतवले की."

ऑपरेशनचं त्यांना सांगितलंस का, हिने कसंबसं विचारलं.

"परक्या पोरापुढे कशाला रडगाणं? आणि तू होतीस ना. फोन लागल्या लागल्या सांगतात, तुमचं बोलणं ऐकलं जाईल म्हणून. म्हटलं, आमचीच पोरगी ऐकतेय. समजलं का असं त्याने विचारलं, तेव्हा मी थांबलेसुद्धा. तुला गुडघ्यांचं माहितीये. काही वावगं असेल तर मध्ये बोलशील. तू काही बोलली नाहीस, मग मी चालेल म्हटलं."

भिंतबाईला आपला शेरा आठवला आणि स्वतःची लाज वाटली. नियम अजून मोडायचा होता की कधीच मोडून झाला होता, तेही तिला कळेना.

"मावशी," ती म्हणाली, "कागद काढ. पैसे परत मागायचेत."

मावशीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"आत्ता बोलतेस होय," ती म्हणाली, आणि टेबल धरून उठायला लागली.