सभेतली खाली बसलेली माणसं

त्या खोलीची मला पहिल्या पाच मिनिटांत किळस आली.

वर्ध्यात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती खोली आहे. दुकानाचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणतात, आणि त्यांचे दोन मित्र दर रविवारी दुपारी तिथे जमतात. मित्रांपैकी एक वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, दुसरा तरुण दंतवैद्य. खिडक्यांवर काळं कापड ठोकलेलं, भिंतींना स्पंज, समोर भिंतभर टीव्ही आणि त्याच्याखाली एकावर एक रचलेले डिस्क प्लेअर. बाजूला काचेचं कुलूपबंद कपाट. त्यात सिनेमे, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला.

आई आणि मी गेलो तेव्हा त्यांचं काम चालू होतं. मला वाटलं होतं, सिनेमा पाहत असतील. ते सिनेमा पाहत नाहीत, एक मिनिट पाहतात. एकाच सिनेमाच्या जुन्या-नव्या दोन-तीन डिस्क वेगवेगळ्या प्लेअरमध्ये घालतात, तेच मिनिट प्रत्येकीवरून लावतात, आणि चित्र किती स्वच्छ आहे याला दहापैकी गुण देतात. त्या दिवशी पडद्यावर एक बाई मेलेलं मूल मांडीवर घेऊन रडत होती. तिला त्यांनी थांबवून ठेवलं होतं. इंजिनिअरकाका पडद्याला नाक लावून उभे होते.

“हा अश्रू बघा. कडा कशी कापल्यासारखी आलीय. मागच्या डिस्कमध्ये नुसता डाग होता.”

“पण काका, पदराचा काळा रंग बघा ना,” दंतवैद्य म्हणाला. “ग्रे मारतोय. मी सातच्या वर जाणार नाही.”

“सात? डॉक्टर, तुम्ही दात बघा,” शेठ म्हणाले. “साडेआठ. बसा सिस्टरबाई, बसा. आलंच तुमचं.”

ती बाई तशीच तोंड उघडं ठेवून त्यांच्या गुणांची वाट पाहत राहिली. पुढे तिचं काय झालं हे त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. मी विचारलं होतं.

मी पुस्तिकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक. प्रत्येक सभेहून, मेळ्याहून ते पिशवीभर पातळ पुस्तिका आणायचे. आमच्या घरातल्या पुस्तकांना पुठ्ठा नसायचा, दोन पिना असायच्या. घरात नियम होता की हाती आलेलं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचं. कपाटात ठेवलेली पुस्तिका मेली, असं वडील म्हणत. तेव्हा ते काचेचं कपाट पाहून मला चीड आली यात नवल नाही. पण आम्ही आईच्या कामासाठी आलो होतो.

आईचं काम एवढंच होतं की तिला तिचा बाप पाहायचा होता.

आई सेवाग्रामला नर्स आहे. तिचं माहेर आष्टीकडचं. ती लहान असताना तिच्या गावात एका सिनेमाचं चित्रीकरण झालं होतं. भूमिहीन मजुरांवरचा गंभीर सिनेमा, गाणी नाहीत, मोठे नट नाहीत. त्यात गावसभेचा एक प्रसंग आहे. सभेला माणसं हवी होती म्हणून दिग्दर्शकाने गावच बसवला. माझे आजोबा अगदी पुढे बसले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते साप चावून गेले. त्यांचा एकही फोटो नाही. आई नर्सिंगच्या होस्टेलमध्ये होती तेव्हा एका दुपारी टीव्हीवर हा सिनेमा लागला, आणि जेवता जेवता तिला समोर आपला बाप दिसला. ती इतक्या जोरात ओरडली की वॉर्डन धावत आली, आणि वॉर्डनला समजावून सांगेपर्यंत प्रसंग संपला. त्यानंतर तिला तो सिनेमा कुठेच मिळाला नव्हता. मी मोबाईलवर खूप शोधला. दोन तुकडे सापडले, दोन्हींत सभा नव्हती.

मग शेठची आई तिच्या वॉर्डात भरती झाली. शेठ खाटेशेजारी बसून मोबाईलवर डिस्कच बघत असत. आईने सहज विचारलं, आणि ते उडालेच. “आहे ना सिस्टरबाई! आत्ताच नवं एडिशन मागवलं. काय साफ केलंय! पाहाले या तुम्ही.”

म्हणून आई ठेवणीतली साडी नेसून त्या खोलीत बसली होती.

शेठनी पांढरे हातमोजे घातले. डिस्क कडेने धरून उचलली, तिच्यावर फुंकर मारली, नव्या प्लेअरमध्ये सोडली. “सभा नं? आमचं पाठ आहे ते. याच मिनिटावर आम्ही जुनी आन् नवी लावून पाह्यली होती.”

सभा आली. ओट्यावर खुर्च्या, खुर्च्यांवर गावातले मोठे लोक. एकाच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. त्यांचं बोलणं झालं, कुणीतरी हात जोडून काहीतरी विचारलं, त्याचे फक्त जोडलेले हात दिसले. सभा संपली.

“कुठी गेले?” आई म्हणाली.

“कोण?”

“लोकं. खाली बसेल होते नं सारे. ओट्यापुढे. माहा बाप अगदी समोर होता.”

शेठनी पुन्हा लावलं. मोठ्या लोकांच्या गुडघ्यांपाशी चित्र संपत होतं.

कारण इंजिनिअरकाकांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी ते उत्साहाने सांगितलं. जुना सिनेमा चौकोनी होता. आजचे टीव्ही रुंद असतात. चौकोनी चित्र लावलं की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, आणि ते लोकांना आवडत नाहीत. म्हणून नव्या आवृत्तीत चित्र वरून आणि खालून कापून पडदा भरून टाकला होता. वरून ओट्यामागचा कडुनिंब कापला, खालून माणसं.

“हो, हो,” शेठ म्हणाले. “पट्टे नाईत म्हनून तर आपन यालेच नऊ देल्ले.”

जुनी आणि नवी त्यांनी शेजारी शेजारी पाहिली होती. हेच मिनिट, पुन्हा पुन्हा. मिशीचे केस पाहिले, खुर्चीच्या वेताची वीण पाहिली. ओट्यापुढे बसलेला आईचा सगळा मोहल्ला नाहीसा झाला, तो तिघांपैकी एकालाही दिसला नाही. ती माणसं तिथे होती हेच त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. आई मला नेहमी सांगते, चित्रीकरणाच्या वेळी त्यांना कुणी खाली बसायला सांगितलंच नव्हतं. मोठे लोक ओट्यावर चढले आणि आमचे लोक सवयीने मातीत बसले. दिग्दर्शकाला आयतंच मिळालं.

“मंग जुनी लावा,” आई म्हणाली.

“ते तं शेतात गेली,” शेठ म्हणाले. त्या खोलीची एक रीत आहे. नवी आवृत्ती आली की जुनी डिस्क कपाटात ठेवायची नाही, नाहीतर संग्रहाला कमीपणा येतो. जुन्या डिस्क शेठच्या आंजी गावच्या शेतात जातात. ज्वारी दाण्यावर आली की पाखरं हाकलायला बांबूला टांगतात.

“माह्या बाबाले तुम्ही पाखरं हाकलाले लावलं?” आई म्हणाली. रागाने नव्हे. खरंच विचारलं तिने.

“चला, जाऊन पाहू!” शेठ उठले. त्यांना लाज वाटली असावी असं मला क्षणभर वाटलं. पण गाडीत सांबारवडीचा डबा फिरू लागला आणि समजलं, ही त्यांची सहल होती. “काका, सोच के देखो,” दंतवैद्य म्हणत होता, “इतकं ऊन खाल्लेली डिस्क वाचली तर काय मजा येईल! कुणीच टेस्ट केलं नसेल.” मी वडी नाकारली. आईने घेतली आणि हातातच धरून ठेवली.

शेतात बांबूबांबूवर डिस्क फिरत होत्या आणि ऊन डोळ्यांत मारत होत्या. शेठचा सालदार गडी बांधावर भेटला. “पाखरं दोन दिस भेली, शेठ. मंग त्याच बांबूवर बसाले लागली,” तो म्हणाला. ज्वारीत शिरून आई एकेक डिस्क हातात धरून वाचत गेली. कितीतरी सिनेमे होते तिथे, चांगले चांगले, कडेला तापल्या खिळ्याने भोक पाडलेले, सुतळीने लटकवलेले. ते पाहताना मला जे वाटलं त्याला राग म्हणणं कमी आहे. आपल्या मालकीची झालेली गोष्ट एकदाही पूर्ण न पाहता माणूस तिला खिळा मारतो, आणि स्वतःला शौकीन म्हणवतो. आमच्या वस्तीत कुणी असं केलं असतं तर त्याला अडाणी म्हणायला हेच तिघे पुढे असते.

शेवटी ती सापडली. छाप उडालेला, नावाची मधली अक्षरं शिल्लक. आईने सुतळी दाताने तोडली.

“भोक कडेलाच आहे,” इंजिनिअरकाका म्हणाले. “सिनेमा डिस्कच्या मधून सुरू होतो, कडेला संपतो. सभा पहिल्या भागात आहे. चालेलही.”

वरच्या खोलीतल्या नव्या प्लेअरने ती बाहेर फेकली. दुसऱ्यानेही. या यंत्रांना बारीक धूळसुद्धा सोसत नाही, असं शेठ अभिमानाने म्हणाले. मग त्यांना आठवलं की त्यांचा सगळ्यात जुना प्लेअर खाली दुकानात आहे, साड्यांच्या काउंटरमागे. गिऱ्हाइकांसाठी भजनं लावायला ठेवलेला. रविवार म्हणून दुकान बंद होतं. शटर अर्धं वर करून आम्ही आत गेलो. आई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. छोटा टीव्ही काउंटरवर ठेवला.

यंत्र खूप वेळ घरघरलं. मग चित्र आलं, चौकोनी, फिकं, जागोजागी ठिकऱ्या उडालेलं. मी पुढे पळवत नेलं. ओटा आला. आणि ओट्यापुढे माणसंच माणसं, पाठमोरी, अर्धवट वळलेली, मांडीवर पोरं घेतलेली. पुढे एक बारीक माणूस गवताच्या काडीने मातीत रेघा ओढत होता.

आईने माझा दंड धरला.

“ब्लॉक फुटताहेत बघा,” मागून इंजिनिअरकाकांचा आवाज आला. “रंग तर गेलाच आहे.”

“दोन,” दंतवैद्य म्हणाला. “दोनच्या वर नाही.”

“नाई, दीड—”

आई वळली. वॉर्डात भेटीची वेळ संपल्यावर ती नातेवाइकांना ज्या आवाजात बोलते, तो आवाज मी पहिल्यांदा बाहेर ऐकला.

“चला, बाहेर व्हा. तिघंही.”

“अवो सिस्टरबाई, माहंच दुकान—”

“बाहेर म्हनलं नं.”

ते गेले. अर्ध्या शटरखालून एकामागून एक वाकून गेले.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. त्या माणसाने काडी खाली ठेवली, मान वर केली, आणि नको तिथे, थेट कॅमेऱ्यात पाहिलं. आणि हसला. शेजारच्याने त्याला कोपर मारलं तशी त्याने मान खाली घातली. आईने तोंडावर पदर धरला. मी आणखी एकदा लावलं. त्याच्या पुढच्या वेळी मात्र तो मान वर करायच्या आत चित्र थिजलं, निळा पडदा आला, आणि डिस्क नाही असं लिहून आलं. मी पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तेच.

“लाव नं.”

“लागत नाही, आई.”

ती निळ्या पडद्याकडे पाहत बसली. मग तिने डिस्क मागितली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली.

बाहेर पायरीवर ते तिघे भांडत होते. परदेशात याची तिसरी आवृत्ती आली आहे, तिच्यात चौकोनी चित्र आहे की नाही, यावर. “असंल तर मागवतो सिस्टरबाई,” शेठ म्हणाले. “पन ते जुनी देऊन ठेवा आमच्यापाशी. तिन्ही लावून पाह्यलं म्हंजे फरक समजन.”

“नाई देत,” आई म्हणाली.

तुमचे वडील दिसले का, कसे होते, हे कुणीही विचारलं नाही. दंतवैद्याने विचारलं ते वेगळंच. “आवाज कसा होता हो? डायलॉग क्लिअर होते?”

“माहा बाप बोललाच नाई त्यात,” आई म्हणाली. “त्याले कोनी इचारलंच नाई काई.”

मी बोलायला तोंड उघडलं. माझ्याकडे पुष्कळ होतं, पुस्तिकाभर होतं. आईने माझं मनगट धरलं. “चाल वं. ऑटो निंघून जाईन.”

सेवाग्रामच्या ऑटोत आम्ही दाटीवाटीने बसलो. बजाजवाडीचं वळण गेल्यावर आईने एकदम माझ्याकडे तोंड केलं आणि तो कसा हसला ते करून दाखवलं. आधी मान वर, मग डोळे, मग एका बाजूने ओठ. समोर बसलेली भाजीवाली बघत राहिली. आईने पुन्हा करून दाखवलं, आणि म्हणाली, “असा. नीट पाहून घे.”

मी नीट पाहून घेतलं. त्या तिघांबद्दलचा माझा तिटकारा मात्र तेवढाच राहिला, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.