फरशी कुणी पुसायची

"तिला बोलवा. तिला सवय हाय."

भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज आला. मॅडम म्हंजी शाळेच्या मालकीण. मी माझ्या वर्गात पोरांना गोल बसवून खाली बसले होते. हातात पायमोजा घातलेला, त्याला बटणांचे डोळे शिवलेले. त्यो माझा उंदीर. उंदीर भाकरी शोधत होता आन् पोरं तोंडाचा आ करून बघत होती. तेवढ्यात शेजारच्या वर्गाची शीतल मिस दारात आली. नाकाला ओढणी. म्हणली, "चला. आमच्यात एकीनं केलंय."

मी शिक्षिका म्हणून लागले होते. बालवाडीचा कोर्स केलेला, दौंडला एसटीनं ये-जा करून. मला वाटलं, नवी म्हणून मदतीला बोलावत्यात. गेले तर वर्गाच्या मधोमध एक बारकी पोरगी उभी. फ्रॉक मुठीत धरलेला, पायाखाली ओलं. मॅडमनी माझ्या हातात पोछा दिला.

"मावशी काम सोडून गेली. तुमच्यात हे असतंच ना घरी. तुम्हाला किळस न्हाई येणार."

माझं आडनाव त्यांनी दाखल्यावर वाचलेलं. तवाच ठरलं असणार. सगळ्या मिस बघत होत्या. आपल्या पोरीच्या ॲडमिशनला आलेली एक बाईबी बघत होती. मी वाकले आन् पुसलं. परत आले तर माझ्या वर्गात रडारड, एकानं दुसऱ्याला चावलेलं. मॅडम दारातनं म्हणल्या, "वर्ग सांभाळता येत न्हाई का तुम्हाला?"

आजबी आठवलं की कानशिलं तापतात.

मग रोजचंच झालं. कुणाच्याबी वर्गात कुणी ओलं केलं, कुणी ओकलं, की हाक मला. बाकीच्या शीतल मिस, प्रिया मिस. मी नुसती "ओ ताई". एक दिवस माझ्याच वर्गातलं एक पोरगं माझ्या गळ्यात हात टाकून लाडानं म्हणलं, "तू बाथरूमवाली मिस हाय ना?" त्याला काय दोष द्यायचा? लेकरू जे बघतं तेच बोलतं.

नोकरी सोडून का दिली न्हाई, असं आता लोक विचारत्यात. कुठं जाणार होते? वडगाव रासाईला माझी आई ग्रामपंचायतीची झाडलोट करती. गटारी काढती. बारकी असताना मी तिच्यामागं हिंडायची. एकदा तिच्यासारखीच उकिडवी बसून मी हातानं कचरा गोळा करायला लागले. आईनं पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळले. "खेळ सुदीक न्हाई करायचा ह्याचा!" म्हणली. आन् मग स्वतःच रडत बसली. नोकरी लागली तवा तिनं अख्ख्या वस्तीला पेढे वाटले. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, "आज काय शिकवलंस गं?" मी सांगायची, गाणं शिकवलं, उंदराची गोष्ट सांगितली. शाळेसाठी शिक्रापूरला भाड्यानं घेतलेल्या खोलीत, खाली हायवेला ट्रकांची घरघर, आन् मी आईला गोष्टी सांगत बसायची. पुढं जायला वाट न्हाई, मागं फिरायला तोंड न्हाई.

त्या ओलं करणाऱ्या पोरीचं नाव खुशी. आई-बाप बिहारचे, बाप कंपनीत. घरी हिंदी, शाळेत इंग्रजी, आजूबाजूला मराठी. शीतल मिस तिला रोज पुढं उभं करायची आन् म्हणायची, "से द पोएम!" खुशीच्या तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई. मिसचा आवाज चढायचा. आन् मग व्हायचंच ते. मी तिला पुसायची तवा तिची छाती कशी धडधडायची! माझं बोट गच्च धरायची. माझ्याजवळ असली की कवाच ओलं व्हायचं न्हाई.

मी शीतल मिसला म्हणलं, "पोरगी भ्यालीय. भ्यालेल्या लेकराला धरवत न्हाई, अंग त्याच्या हातात नसतंय. चार दिवस उभी नका करू. नुसती ऐकू द्या तिला, बोलंल आपोआप."

ती म्हणली, "तुम्ही पुसा. आम्ही शिकवतो."

मॅडमकडं गेले. मॅडमनी ऐकलं आन् उलटाच नियम काढला. जे ओलं करील त्याला फाटकाच्या पायरीवर उभं करायचं, तसंच ओल्या चड्डीत, आई येईस्तवर. "लाज वाटली की आपोआप शिकतात," म्हणल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ठरवलं, आता हाक आली तरी जायचं न्हाई. पुसू दे त्यांनाच. दुसऱ्या दिवशी हाक आली. "ओ ताई!" मी हातातला उंदीर हलवत राहिले. परत हाक. मी उठले न्हाई. खरं सांगते, लई दिवसांनी जिवाला गार वाटलं.

पण मग वाटलं, पोरीचं काय झालं? पोरांना रंग देऊन मी जिना उतरून फाटकाशी गेले. पायरीवर खुशी. समोर हायवे, धुरळा, पायांवर माश्या. वॉचमन आप्पा मान फिरवून बसलेले. ती रडत नव्हती. उकिडवी बसली होती. पायरीवर पडलेलं ओलं स्वतःच्या फ्रॉकनं पुसत होती, कोपऱ्या-कोपऱ्यातनं, नीट. मला बघून घाईघाईनं म्हणली, "मैं पोंछ रही हूँ, मिस. मैं पोंछ दूँगी."

माझी आई अशीच बसती.

आगं आई गं! पोरगी शिकली होती की! मॅडमचं खरंच झालं, लाज वाटली आन् शिकली. आपण घाण हाय आन् पुसायचं आपणच, हे शिकली. कविता न्हाई शिकली. आन् हे तिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. रोज मला वाकलेली बघून ती शिकली होती.

मी तिला उचललं. धुतलं, माझ्या वर्गातली कोरडी चड्डी घातली, पोरांच्या घोळक्यात बसवलं. मग बादली आन् पोछा घेऊन शीतल मिसच्या वर्गात गेले आन् मधोमध ठेवला. मॅडमबी आल्या.

मी म्हणलं, "लेकराला मी धुवीन. कुणाच्याबी वर्गातलं असू द्या, शिक्षिका म्हणून धुवीन, जीव लावून धुवीन. ते शिकवण्याचंच काम हाय आन् ते तुम्हीबी करायचं. फरशी ज्याच्या वर्गाची त्यानं पुसायची. मी हितनं पुढं वाकणार न्हाई."

"उद्यापासून येऊ नका," मॅडम म्हणल्या.

"येणार," मी म्हणलं.

आज सकाळी आले. आप्पांनी फाटक लावून घेतलेलं. बिचारे हळूच म्हणले, "पोरी, वरनं सांगितलंय. आत सोडायचं न्हाई."

"नका सोडू आप्पा. मी हितं बसते."

पायरीवर बसले. आईला फोन लावला आन् पहिल्या दिवसापासनं सगळं सांगितलं. पोछ्याचंबी सांगितलं.

आई म्हणली, "डबा घेऊन येऊ का?"

"ये."

आता पोरांना सोडायला आया येत्यात. हितं का बसलाय, विचारत्यात. मराठीत विचारलं की मराठीत सांगते, हिंदीत विचारलं की हिंदीत. ह्या पायरीवर तुमची पोरं कशी उभी करत्यात, का करत्यात, समदं सांगते. खुशीची आई ऐकून आत गेली न्हाई. पोरीला कडेवर घेऊन हितंच उभी हाय.

वरनं मॅडम खिडकीतनं बघत्यात. बघू द्या. उद्याबी येणार, परवाबी येणार. मला आत घेतलं तर मिस म्हणून घ्यायचं. न्हाई घेतलं तरी ह्या पायरीवर आता कुठलंच लेकरू ओल्या चड्डीत उभं राहायचं न्हाई. त्याला उभं करायला आधी मला हितनं उठवावं लागंल. आन् मी उठत नसते.