नोरीन कांगासचं कॉलेज

ऑगस्ट संपत आला की आमच्या गावातून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधलेल्या दिसू लागतात. कॉलेजला निघालेली पोरं. त्या दिवसांत नोरीनकडे केस कापायला जाऊ नये, असं आम्ही बायका थट्टेनं म्हणायचो. खिडकीबाहेरून अशी एखादी गाडी गेली की तिची कात्री हवेतच थांबायची, आणि गाडी चर्चच्या वळणाआड होईपर्यंत खाली यायची नाही. एका वर्षी त्यापायी माझी डावी बाजू उजवीपेक्षा चांगली दोन बोटं आखूड झाली होती.

माझी बेकरी तिच्या पार्लरला लागून. मधली भिंत इतकी पातळ, की मी वेलदोड्याचा पाव भट्टीतून काढला की पलीकडून तिची हाक यायची, "सिल्वी, एक कड माझी गं!" त्यामुळे तिचं सगळं मला ठाऊक. ती एकोणीस वर्षांची असताना शिष्यवृत्तीवर दक्षिणेतल्या एका खाजगी कॉलेजात गेली होती, हेही. आमच्या गावात तेव्हा शाळा संपली की मुलगे लाकडाच्या गिरणीत जात आणि मुली लग्न करत. नोरीन एकटी बसमध्ये बसून गेली.

तिथं पहिल्याच आठवड्यात समाजशास्त्राच्या तासाला बाईंनी विचारलं, "तुमच्या गावात कोण कोणाच्या घरात दार न वाजवता शिरतं?" बाकीची पोरं एकमेकांकडे बघत बसली. नोरीन बोलायला लागली ती थांबेचना. फिनलंडहून येऊन वसलेले फिनिश लोक फिनिश लोकांच्या घरात कसे शिरतात, गिरणीच्या मालकाच्या घरात कोणीच कसं शिरत नाही, आणि पाद्र्याची बायको कुठंही शिरते पण तिच्याकडे कोणी का जात नाही. बाई म्हणाल्या, "याचाच अभ्यास करायचा असतो."

"माझं गाव हा अभ्यासाचा विषय असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं," नोरीन मला सांगायची. हे तिनं मला निदान शंभरदा सांगितलं असेल, आणि दर वेळी तिचा आवाज तिथं हळू व्हायचा.

नोव्हेंबरात तिच्या वडिलांच्या कमरेवर ओंडका घसरला. तिच्या आईचा, एल्मीबाईंचा, वसतिगृहात फोन गेला. "ये बाई. मला एकटीला झेपत नाही." नोरीन एका वर्षासाठी म्हणून आली. वडील सात वर्षं अंथरुणाला खिळून राहिले आणि वारले. तोवर तिनं केस कापायचं शिकून घेतलं होतं, डेलशी लग्न झालं होतं आणि ब्रिन पाळण्यात होती.

ब्रिन नर्स होऊन मिनेसोटाला नोकरीला गेली त्या हिवाळ्यात नोरीननं एक दिवस पार्लर लवकर बंद केलं आणि माझ्याकडे येऊन बसली.

"सिल्वी, मी पुन्हा शिकायचं म्हणते."

"काय?"

"तेच. समाजशास्त्र."

तिचा नवरा डेल हा काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, बर्फ काढायचा ट्रक चालवतो. माणूस वाईट नाही, पण जिभेला लगाम नाही. तो पाव घ्यायला आत आला तेव्हा हे त्याच्या कानावर पडलं.

"केस कापायला आता समाजशास्त्र लागतं होय?" तो म्हणाला.

"तुला बर्फ ढकलायला अक्कल लागते का? तरी देवानं थोडी दिलीच ना!" नोरीन म्हणाली.

तो हसला. जाताना दारात थांबून मात्र म्हणाला, "हे बघ, शीक. पण घर गहाण टाकून नाही हं."

म्हणजे परवडणारं हवं होतं. आणि नोरीनला नुसतं परवडणारं नको होतं, चांगलंही हवं होतं. इथून पुढं तिचं जे शोधणं सुरू झालं, त्यात मी जवळजवळ सगळीकडे तिच्यासोबत होते. गाडी ती चालवायची, पेस्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, मी बांधून घ्यायचे.

पहिलं कॉलेज सरोवराच्या काठावर होतं. लाल विटा, मोठमोठी झाडं, ग्रंथालयात हिरव्या दिव्यांच्या रांगा. नोरीन त्या ग्रंथालयात शिरली आणि एका लांब टेबलावर तळवा टेकवून नुसती उभी राहिली. प्रवेश कचेरीतला तरुण फार गोड बोलत होता. फी ऐकल्यावर तिनं त्याचे आभार मानले, आणि आम्ही गाडीत येऊन बसलो.

"टेबल छान होतं," ती म्हणाली.

मग एक घरबसल्या पदवी देणारं कॉलेज निघालं. त्यांचे रोज फोन. नोरीनच्या एका हातात कुणाचे तरी ओले केस आणि खांद्यावर फोन. पलीकडची मुलगी म्हणायची, "मॅडम, आजच नाव घाला, उद्या जागा राहणार नाही." नोरीन विचारायची, "मला शिकवणार कोण? एखाद्याचं नाव तरी सांगा." ते काही त्या मुलीला सांगता येईना. तुमच्याकडे केलेले विषय दुसरीकडे धरले जातात का, मला स्वतः लोकांत जाऊन काही अभ्यास करायला मिळेल का, एका वर्गात किती जण, सुरू केलेल्यांपैकी पुरं किती जण करतात, एकेक विचारत गेली तशी ती मुलगी नुसतं "आमचे सल्लागार तुम्हाला फोन करतील" म्हणत राहिली. खुर्चीत बसलेल्या पोस्टातल्या मॅडमना शेवटी राहवेना. त्यांनी फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, माझ्या डोक्यावरचा रंग वाळतोय. ठेव आता."

आम्ही खूप हसलो. पण त्या दुपारी भिंतीपलीकडून काही आवाज येईना म्हणून मी डोकावले, तर नोरीन रिकाम्या खुर्चीत आरशासमोर बसली होती.

"मला उशीर झाला गं," ती म्हणाली. "लोकांना आता मी गिऱ्हाईक दिसते."

मी पाव ठेवला आणि बसले तिच्याजवळ.

मार्ग सापडला तो अगदी जवळ. आमच्या काउंटीचं एक दोन वर्षांचं कॉलेज आहे. वेल्डिंग आणि नर्सिंगला पोरं जातात तिथं. समाजशास्त्राला एकच मास्तर, स्टेनगार्ड सर, निवृत्तीला आलेले. इमारत डब्यासारखी, खिडक्या लहान. नोरीननं त्यांनाही तेच सगळे प्रश्न विचारले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, आणि तिच्यासमोरच सरोवराच्या किनाऱ्यावरच्या सरकारी विद्यापीठात फोन लावला.

"माझ्यासमोर एक बाई बसल्यात," ते फोनवर म्हणाले. "इथं दोन वर्षं करून तिकडं येतील. कुठले विषय तुम्ही पुढं धरता ते आत्ताच सांगा. नंतर अंग झटकलंत तर मी स्वतः येऊन बसेन तुमच्या दारात." फोन ठेवून ते नोरीनला म्हणाले, "संख्याशास्त्र आधी घ्या. सगळे शेवटी ठेवतात आणि रडतात. आणि विद्यापीठाचा विभाग लहान आहे, पण तिथं शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतः लोकांत पाठवतात. मोठ्या नावाच्या ठिकाणी हे सगळ्यांना मिळत नाही."

"सर, मला जमेल?"

"मला काय माहीत? सोमवारी या."

ती दोन वर्षं तशी सुखाची गेली. संख्याशास्त्राच्या परीक्षेआधी ती खरंच रडली, पण पास झाली. तिला दोन वर्षांचं प्रमाणपत्र मिळालं, विद्यापीठात जागा मिळाली, सरांनी आधीच ठरवलेले सगळे विषय तिकडं धरले. डेलनं गाडीला बर्फात चालणारे नवे टायर बसवले, एवढंच त्याचं अभिनंदन.

आणि त्याच उन्हाळ्यात एल्मीबाई हरवल्या. सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात जाते म्हणून निघाल्या आणि गिरणीच्या जुन्या फाटकापाशी सापडल्या, अंगात नुसता झगा. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, बरेच दिवस सुरू असणार, आता एकटं ठेवू नका.

मला वाटलं, झालं. पुन्हा तेच. त्या संध्याकाळी नोरीन माझ्या ओट्यावर बसून हात चोळत होती. रडत नव्हती. म्हणाली, "सिल्वी, या खेपेला मी राहिले ना, तर मला तिचा राग येईल. आणि या वयात आईचा राग मला करायचा नाही."

तिनं काय करावं? आईलाच सोबत घेऊन गेली. विद्यापीठाच्या गावात एका घराचं तळघर भाड्यानं घेतलं, आठवड्याचे चार दिवस तिथं, तीन दिवस इथं पार्लर. सकाळी एक शेजारीण आईजवळ बसायची. ती येऊ शकली नाही की नोरीन आईला वर्गात न्यायची. लॅटिमर म्हणून प्राध्यापक होत्या, त्यांनी पहिल्या दिवशीच शेवटच्या बाकाशेजारी एक मऊ खुर्ची आणून ठेवली. एल्मीबाईंना वाटायचं आपण चर्चमध्ये आलोय. एकदा भर तासाला त्यांनी मोठ्यानं विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?" पोरं हसली. एक दाढीवाला पोरगा उठला आणि म्हणाला, "आजी, आज पाद्री लांबण लावतायत." लॅटिमर मॅडम सगळ्यांत जास्त हसल्या.

मी एकदा पाव घेऊन त्यांच्याकडे राहायला गेले होते. बाहेर बर्फ पडत होतं. नोरीन आईचे केस विंचरत होती. एल्मीबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, ओळख नसल्यासारखं, अगदी परक्या बाईकडे पाहावं तसं.

"तुम्ही छान विंचरता हो," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी कॉलेजात आहे. लांब."

"हो?" नोरीन म्हणाली. "कशी आहे?"

"हुशार आहे फार. तिचे वडील अंथरुणाला पडलेत." मग त्यांनी नोरीनचं मनगट धरलं. "तिला कळवू नका हं. कळलं की ती येईल. मग तिचं राहून जाईल."

नोरीनचा कंगवा थांबला. मी तोंड फिरवून किटलीकडे गेले. मागून तिचा आवाज आला, अगदी शांत, "नाही कळवत. तुम्ही काळजी करू नका." आणि पुन्हा कंगवा चालू झाला.



एल्मीबाई शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला, जानेवारीत वारल्या. नोरीननं आठवडाभर पार्लर बंद ठेवलं, वर्गही बुडवले, मग पुन्हा गेली. शेवटच्या वर्षाच्या अभ्यासासाठी ती काउंटीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या घरी जाऊन बसली होती. मुलं दूर गेल्यावर त्यांची विचारपूस कोण करतं, यावर. ते लिखाण तिनं पुरं केलं. लॅटिमर मॅडमनी ते काउंटीच्या वृद्धसेवा कचेरीला दाखवलं, आणि त्या कचेरीनं नोरीनला अर्धवेळ काम दिलं. आठवड्याचे तीन दिवस ती घरोघर जाते. उरलेल्या दिवसांत केस कापते, कारण कचेरीचा पगार धरूनही दोघांचं भागत नाही आणि आम्हा बायकांना दुसरीकडे जायचं नाही.

पदवीच्या दिवशी मी आणि डेल दोघंही होतो. समारंभ संपल्यावर तिच्या वर्गातली पोरं झगे घातलेलीच सरोवरावर पळाली. तिथं तशी रीतच आहे. मे महिना असला तरी पाण्यात बर्फाचे तुकडे होते. "नोरीन, चल!" म्हणून पोरं तिला ओढत होती. ती त्यांच्याबरोबर वाळूपर्यंत गेली, बूट काढले आणि थांबली. पोरं किंचाळत आत शिरली. कोण कुठं जाणार, कोण कुणाबरोबर घर घेणार, शिकागो, डेन्व्हर, पाण्यातूनच ओरडून चाललं होतं. नोरीनच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच; त्यांच्या पलीकडे, पाण्यावर कुठंतरी बघत होती.

डेल तिची पर्स काखेत धरून उभा होता. म्हणाला, "मिळालं ना सगळं? आता काय बघतेस?"

"मिळालं रे," ती म्हणाली. "पण मला यांच्या वयात मिळायला हवं होतं. यांच्या खोल्यांत बसून यांच्यासारख्या निरर्थक गप्पा मारायच्या होत्या. ते आता कुठल्या कॉलेजात मिळायचं?"

डेलनं पर्स माझ्याकडे दिली, खाली बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

"अरे, तू कशाला? गारठशील."

"तू एकटी जाणार आहेस का आत?" तो म्हणाला.

दोघं गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. काठावरून मला त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.